नोंदी तुमच्याकडे, पुरावा आम्ही का द्यायचा?

माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



हे पत्र सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून लिहिते आहे. आमच्या गल्लीत एक माजी सैनिक राहतात. सगळी पेठ त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही इथे नानाच म्हणेन. वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. १९६३ साली भरती झाले, पंधरा वर्षे नोकरी करून पेन्शनवर घरी आले. १९६५चे युद्ध त्यांनी पाहिले, १९७१चेही पाहिले. पण त्यांच्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात दोनच नोंदी आहेत : रक्षा मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक. १९७१च्या युद्धाचे एकही पदक नाही. त्या डिसेंबरात नाना राजस्थानच्या सीमेवर दारूगोळ्याची गाडी चालवत होते.

मी पोस्टात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून पेठेतल्या आणि आजूबाजूच्या माजी सैनिकांचे, त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांचे अर्ज लिहून देते. पेन्शनचे, नावातल्या चुकांचे, वारसनोंदीचे असे बहुतेक अर्ज आज ना उद्या मार्गी लागतात. पदकांचे लागत नाहीत. म्हणून हे पत्र थेट आपल्याला, आणि सगळ्यांनी वाचावे असे उघड.

माझे म्हणणे एका वाक्याचे आहे. कोणता जवान कोणत्या तारखेला कुठे होता, याची नोंद सरकारने ठेवली आहे, सरकारच्याच ताब्यात आहे. मग त्या नोंदीतली चूक शोधून देण्याचे आणि ती चूक आहे हे सिद्ध करण्याचे काम ऐंशी वर्षांच्या माणसाने का करायचे?

सेवापदक म्हणजे शौर्यपदक नव्हे, हे नागरी वाचकांसाठी आधी सांगायला हवे. परमवीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल ही एखाद्याच्या विशेष पराक्रमासाठी दिली जातात. त्यांची शिफारस होते, छाननी होते, राजपत्रात नाव येते. सेवापदकांचे तसे नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या भागात जो सेवेत होता त्या प्रत्येकाचा त्यावर हक्क असतो. १९६५च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१साठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार आणि त्याशिवाय संग्राम मेडल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो जो सेवेत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक. नऊ, वीस, तीस वर्षांच्या सेवेची पदके वेगळी. यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. तारीख आणि ठिकाण जुळले की हक्क सिद्ध. म्हणजे हा सारा हिशेब कागदाचा आहे, आणि कागद ज्याच्याकडे आहे त्यानेच तो करायला हवा.

मग पदके राहतात कशी? नानांच्या कागदांतून मला जे उलगडत गेले ते सांगते.

जवानाच्या नोकरीतली प्रत्येक बारीकसारीक घडामोड त्याची युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून रेकॉर्ड ऑफिसला कळवते. बदली, बढती, रजा, लग्न, मूल झाले, जखमी झाला, पदक मिळाले, सगळे त्या ऑर्डरमध्ये. रेकॉर्ड ऑफिसमध्ये त्यावरून त्याच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकात, नोंद होते. जी गोष्ट पार्ट टू ऑर्डरमध्ये आली नाही, ती शीट रोलच्या हिशेबी घडलीच नाही. पोस्टातही आम्ही हेच शिकलो होतो, नोंद नाही तर पत्र नाही. पण पोस्टात नोंद चुकली तर जाब काउंटरवरच्या कारकुनाला विचारतात, पत्राची वाट पाहणाऱ्या म्हातारीला नाही.

१९७१च्या हिवाळ्यात नाना मूळ युनिटमध्ये नव्हते. गाड्या आणि ड्रायव्हर कमी पडत होते, म्हणून त्यांना दुसऱ्या युनिटला जोडून दिले होते. फौजेच्या बोलीत ‘अटॅच’. युद्ध संपले, ते परत आले. पदकांच्या याद्या तयार झाल्या तेव्हा मूळ युनिटने गृहीत धरले की ज्यांच्याकडे ते होते ते नाव पाठवतील. त्या दुसऱ्या युनिटने गृहीत धरले की माणूस आपला नाही, मूळ युनिट पाठवेल. दोन याद्यांच्या मधल्या जागेत नाना राहून गेले. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक हुकले त्याचे कारण आणखी साधे आहे. १५ ऑगस्ट १९७२ला ते लष्करी रुग्णालयात दाखल होते. इस्पितळातला जवानही हजेरीपटावर असतो, सेवेतच असतो. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र तो नव्हता.

आणखी एक कारण मुळातच आहे. युद्ध आधी होते, त्याचे पदक मागून येते. १९६५च्या युद्धाची पदके स्थापन झाली ती १९६७ साली. तोवर कोणी घरी परतलेला, कोणी राखीव दलात गेलेला, कोणाच्या युनिटचा पत्ता बदललेला. पदक जाहीर झाल्याचा कागद बराकीच्या फळ्यावर लागायचा. अक्कलकोटजवळच्या एखाद्या वाडीत शेतावर परत गेलेल्या माणसापर्यंत तो कसा पोचणार? आणि जे सेवेत होते त्यांनाही पुष्कळदा आधी नुसती फीत मिळायची, पदक मागून. फीत गणवेशावर शिवली, वर्षे सरली, माणूस निवृत्त झाला, पदक आलेच नाही. अलीकडच्या काळातही पदकांचा तुटवडा असताना जवान दुकानातून नक्कल विकत घेऊन संचलनाला लावत होते, हे आपल्या मंत्रालयाला ठाऊक आहे. ज्याने स्वतःचे पदक स्वतःच्या पैशाने विकत घेतले त्याच्या नातवाला खरे कोणते आणि विकतचे कोणते हे कोण सांगणार?

खरे पदक ओळखण्याची जागा त्याच्या कडेला असते. नानांचे रक्षा मेडल मी हातात घेऊन पाहिले आहे. वर काळपट झालेले, पण कडेवर बारीक अक्षरे अजून लागतात : सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, कोअर. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेले आहे. नाना म्हणाले, ‘असू दे ताई, नंबर बरोबर आहे. फौजेत नंबरच नाव असतो.’ त्या कडेवरच्या नावासाठीच हा खटाटोप आहे. पुढे कधी घर विकले, वस्तू पांगल्या, तरी तो धातू कोणाचा होता हे सांगणारी ती एवढीच ओळ असते.

नानांनी अर्ज केला. रेकॉर्ड ऑफिसचे नाव मी इथे घेत नाही, कारण माझी तक्रार एका कार्यालयाबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे. उत्तर आले, इंग्रजीत. पार्ट टू ऑर्डरमध्ये नोंद आढळत नाही, सबब मागणी विचारात घेता येत नाही. पुरावा असल्यास जोडावा, जसे की त्या वेळच्या कंपनी कमांडरचे प्रमाणपत्र. मी ते उत्तर नानांना मराठीत सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘साहेब तेव्हाच चाळिशीला आलेले होते.’ म्हणजे आज ते हयात असले तर नव्वदीत. कुठल्या राज्यात, कुठल्या गावात, कोण शोधणार? ज्या अधिकाऱ्याचा पत्ता खुद्द लष्कराला काढता येतो, तो शुक्रवार पेठेतल्या पेन्शनराने काढायचा, आणि लष्कराला पाठवायचा!

यानंतरच्या वाटा मला माहीत आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरवर करता येतो, आणि शीट रोलची प्रत मागता येते. ती हाती आली की निदान कोणती तारीख कुठे मोडली हे कळते. त्याहून पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, २००७च्या कायद्याने झालेले, २००९पासून चालणारे, मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. पण मंत्रिमहोदय, एका संग्राम मेडलसाठी वकील करून सोलापूरहून मुंबईला तारखांना जाणारा म्हातारा माणूस आपल्याला दिसतो का? मला दिसत नाही. तो जात नाही. तो घरी बसतो, आणि सरकारी वहीत त्याचा हक्क ‘कोणी मागितला नाही’ म्हणून बंद होतो.

सोलापूरबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे, कारण दिल्लीत महाराष्ट्राचा सैनिक म्हटले की सातारा, सांगली, कोल्हापूर डोळ्यांसमोर येते. ते बरोबरच आहे. साताऱ्यात आपशिंगे नावाचे गाव आहे, त्याला लोक ‘मिलिटरी आपशिंगे’च म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची सेहेचाळीस माणसे गेली. तिथे घरटी फौजी आहे. कोणता फॉर्म कुठे मिळतो, कोणत्या साहेबाला भेटायचे, शीट रोल म्हणजे काय, हे तिथल्या पारावर बसलेल्यांना पाठ असते. एकाचे काम झाले की दुसऱ्याला वाट कळते.

आमचे गाव गिरण्यांचे. इथल्या आठवणी भोंग्याच्या, मागाच्या, चादरीच्या. साठच्या दशकात जुनी गिरणी बंद पडली, आणि चीनच्या युद्धानंतर लष्कर झपाट्याने वाढत होते, तेव्हा कामाच्या शोधातली पोरे भरतीला उभी राहिली. मराठी घरांतली होती, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतली होती, कन्नड बोलणारी होती, मुसलमान विणकरांचीही होती. एका गल्लीतून एक, दुसऱ्या गल्लीतून एक. ती वेगवेगळ्या कोअरमध्ये विखुरली. कोणी तोफखान्यात, त्याचे रेकॉर्ड नाशिक रोडला. कोणी चिलखती दलात, ते अहिल्यानगरला. कोणी सॅपर, खडकीला. महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगावला, सिग्नल्सचा जबलपूरला, ईएमईचा सिकंदराबादला. परतल्यावर ही माणसे पुन्हा एकेकटी झाली. आमच्या आजोबा गणपतीच्या मिरवणुकीत सगळी पेठ एकत्र येते, पण त्या गर्दीत दुसरा कोण १९७१ला सीमेवर होता हे एकाला माहीत नसते. म्हणून आमच्याकडची प्रकरणे अडली की अडूनच राहतात.

नावांचा गोंधळ हा त्यातला वेगळा भाग. भरती करणारा हवालदार पंजाबचा किंवा गढवालचा. समोर उभा पोरगा सांगतो तेलुगू घराणे, मराठी शाळेतले नाव, आणि वडिलांचे नाव मध्ये. कधी आडनावच पहिले नाव झाले, कधी वडिलांचे नाव आडनाव झाले. पेन्शन चालू आहे तोवर कोणी बघत नाही. पदकाचा अर्ज केला की आधार कार्डावरचे नाव वेगळे, डिस्चार्ज बुकावरचे वेगळे, आणि मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, पुन्हा नवे हेलपाटे. ज्या माणसाला त्याच नोंदीवर दर महिन्याला पेन्शन मिळते, तो पदकापुरता दुसरा माणूस कसा ठरतो?

नाना निदान पेन्शनर आहेत. त्यांची फाइल आहे. त्यांच्याहून वाईट गत ज्यांना पेन्शन नाही त्यांची. त्या काळी काही वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि त्यापुढची काही वर्षे राखीव दलात, अशी भरतीची पद्धत होती. ही मुदत पुरी न होताच कोणी घरच्या अडचणीने, कोणी आजाराने, कोणी युद्धानंतरच्या कपातीत बाहेर पडले. त्यांना पेन्शन बसली नाही. आणि पेन्शन नसलेल्या जवानाची सेवेची कागदपत्रे पंचवीस वर्षांनी नष्ट करायची, असा लष्कराचा नियम आहे. मागे उरतो तो लाँग रोल, म्हणजे नाव, नंबर, भरती आणि सुटकेची तारीख, अशा जुजबी नोंदी.

अशाच एका माणसाच्या पत्नी माझ्याकडे आल्या होत्या. नवरा १९६५च्या लढाईत काश्मीरकडे होता, हे त्याने पाठवलेल्या आंतरदेशीय पत्रांवरून त्यांना ठाऊक. पत्रे त्यांनी जपून ठेवली आहेत. फौजी पत्रांवर गावाचे नाव नसते, नुसता ‘५६ एपीओ’ असा लष्करी पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो. मी पोस्टातली, मला त्याचा अर्थ कळतो, पण तो ठिकाणाचा पुरावा होत नाही. त्यांनी अर्ज केला, तर उत्तर आले की कागदपत्रे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत, सबब पदकाचा हक्क पडताळता येत नाही. सरकारने स्वतःच्या नियमाने स्वतःच्या ताब्यातला पुरावा नष्ट केला, आणि त्याचा तोटा त्या बाईंच्या पदरात घातला. मला हे न्यायाचे वाटत नाही, आणि हे कोणालाही न्यायाचे वाटू नये.

आपल्या मंत्रालयाने जून २०२१मध्ये एक चांगला निर्णय घेतला. युद्धांचे इतिहास वेळेत लिहिले जावेत, युनिटच्या युद्ध-दैनंदिन्या आणि कारवाईची कागदपत्रे साधारण पंचवीस वर्षांनी खुली करून, जाणकारांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात जावीत, असे ते धोरण. मी ते वाचले तेव्हा मनापासून आनंद झाला. पण मंत्रिमहोदय, पंचविसाव्या वर्षी पलटणीची डायरी जतन करायला घ्यायची आणि त्याच पंचविसाव्या वर्षी त्या पलटणीतल्या साध्या शिपायाची फाइल नष्ट करायची, या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतील? इतिहास लिहिणाऱ्याला लढाईची हकीगत मिळेल. लढणाऱ्याच्या घरच्यांना ‘हो, तो तिथे होता’ एवढेही मिळणार नाही.

त्या युद्ध-दैनंदिन्यांतच आमच्या माणसांचा पुरावा आहे. नाना ज्या युनिटला जोडले गेले होते, त्या युनिटच्या डिसेंबर १९७१च्या डायरीत किंवा हालचालीच्या आदेशांत बाहेरून आलेल्या गाड्या आणि माणसे यांची नोंद असणार. पगाराच्या हिशेबात त्या महिन्यांचे सीमेवरचे भत्ते असणार. लष्करी रुग्णालयाच्या दाखल-नोंदीत १५ ऑगस्ट १९७२ला त्यांचे नाव असणार. हे शोधायला मला परवानगी नाही, नानांना नाही. रेकॉर्ड ऑफिसमधल्या एका सुभेदार क्लार्कला आहे, आणि त्याला ते काही तासांचे काम आहे.

बाहेरच्या देशांत हे कसे करतात ते पाहू. अमेरिकेत १२ जुलै १९७३ला सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि सुमारे एक कोटी साठ ते ऐंशी लाख सैनिकी फायली जळाल्या. तिथल्या सरकारने ‘कागद जळाले’ म्हणून हात वर केले नाहीत. पगाराची बिले, युनिटच्या रोजच्या हजेऱ्या, इस्पितळांच्या नोंदी यांतून माणसांची सेवा पुन्हा जुळवायला घेतली, आणि ते काम अजून चालते. शिवाय सैनिकी नोंदीतली चूक किंवा अन्याय दुरुस्त करायला तिथे १९४६च्या कायद्यापासून स्वतंत्र मंडळेच आहेत. कोर्टाची पायरी चढण्याआधी सैनिकाला, तो गेला असेल तर वारसाला, तिथे अर्ज करता येतो. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातून रशियाला रसद पोचवणाऱ्या खलाशांना ‘आर्क्टिक स्टार’ दिला तो २०१३ साली, जवळपास सत्तर वर्षांनी. उशीर झाला हे त्यांनी मान्य केले, आणि जे हयात नव्हते त्यांच्या घरच्यांना तो मागण्याचा हक्क दिला.

आपल्याकडेही उशिराची भरपाई होते, हे सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी दाखवले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेला ईएमईचा हा जवान १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळाली २०१८ला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५मध्ये. त्यांच्या नावावर सिनेमा निघाला, देशाने त्यांना पाहिले. ज्यांच्यावर सिनेमा निघणार नाही, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

‘पदकाला पैसे मिळतात का? मग एवढा आटापिटा कशाला?’ हे मला पेठेतलेच लोक विचारतात, सरकारी कचेरीतही विचारतात. सेवापदकाला दमडी मिळत नाही, हे खरेच आहे. म्हणूनच ही मागणी निर्मळ आहे. नानांना भत्ता नको, जमीन नको. त्यांना ते युद्धात होते हे सरकारच्या कागदावर हवे आहे. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे देते : ‘मी गेलो नसतो तर त्यांनी पळपुटा म्हणून मला धरून आणलं असतं. गेलो, तर म्हणतात नोंद नाही.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याकडे असेल तर कळवावे.

दिल्लीत इंडिया गेटजवळ २०१९ साली राष्ट्रीय युद्ध स्मारक उभे राहिले. तिथल्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्या हजारो जवानांची नावे दगडात कोरली आहेत, हुद्दा आणि नंबरासह. प्रत्येक सोलापूरकराने तिथे जाऊन यावे असे मला वाटते. त्या नावांसाठी सरकारने जुन्या नोंदी धुंडाळल्याच ना? त्यांच्या घरच्यांना पुरावे मागत बसले असते तर त्या भिंती अर्ध्या रिकाम्या राहिल्या असत्या. जे त्याच लढायांतून जिवंत परतले, त्यांच्यासाठी तेवढीच मेहनत का होऊ नये?

आता मी काय मागते ते. तारखेवर ठरणारी पदके, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२चे, १५ ऑगस्ट १९९७चे किंवा सेवेच्या वर्षांची, यांसाठी अर्जाची गरजच ठेवू नये. पेन्शनरांची माहिती आता ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत आलेली आहे. भरतीची तारीख आणि सुटकेची तारीख तिथे आहे. त्यावरून कोणाचे कोणते पदक राहिले याची यादी रेकॉर्ड ऑफिसेसनी स्वतः काढावी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे पाठवावी. पेन्शनरच्या स्पर्शच्या खात्यावर पदकांचाही रकाना दिसावा, म्हणजे जे नाही ते त्याला स्वतःला दिसेल. युद्धपदकांसाठी ठिकाणाचा पुरावा लागतो हे मला मान्य आहे. तो आधी सरकारने आपल्या डायऱ्यांत, पगाराच्या हिशेबांत, रुग्णालयांच्या नोंदींत शोधावा, आणि तिथे काहीच मिळाले नाही तरच सैनिकाकडे मागावा. तेव्हाही सोबत्याचे शपथपत्र, फौजी पत्रे, जुने फोटो धरावेत, मेलेल्या कमांडरची सही मागू नये. ज्यांची कागदपत्रे नियमाने नष्ट झाली, त्यांच्या बाबतीत शंकेचा फायदा सैनिकाला मिळावा, कारण शंका त्याने निर्माण केलेली नाही. आणि पेन्शन नसलेल्यांच्या उरलेल्या फायली, त्यांच्या पदकांची तपासणी होईपर्यंत एकही नष्ट करू नये. हा आदेश आपण आज काढू शकता, त्याला पैसा लागत नाही.

यासाठी सोलापूरसारख्या, रेकॉर्ड ऑफिस नसलेल्या जिल्ह्यात वर्षातून एकदा निरनिराळ्या कोअरचे रेकॉर्ड क्लार्क एकत्र येऊन बसावेत. पेन्शनसाठी असे मेळावे होतात, मी त्यांना गेले आहे. तिथे समोरासमोर बसून दहा मिनिटांत सुटलेली कामे मी पाहिली आहेत, जी पत्रांनी वर्षानुवर्षे सुटली नव्हती. पदकांचेही तसेच होईल. पदक मंजूर झाले की ते पार्सलने पाठवून मोकळे होऊ नये. पोस्टात असताना अशी एक-दोन पार्सले माझ्या हातून वाटपाला गेली असतील, तेव्हा आत काय आहे हे मला माहीत नव्हते आणि घेणाऱ्यालाही वरून कळले नसेल. जिल्हाधिकारी कार्यालयात १५ ऑगस्टला झेंडावंदन होतेच. तिथे नाव, नंबर, पलटण पुकारून द्यावे. जो चालू शकत नाही त्याच्या घरी गणवेशातला एक माणूस पाठवावा. सैनिक गेला असेल तर त्याच्या पत्नीच्या हातात द्यावे, मुलाच्या नव्हे. रजा नाकारली गेल्यावर बाळंतपण एकटीने निभावणारी तीच होती.

नानांचा नवा अर्ज मी तयार केला आहे. सोबत शीट रोलची मागणी, डिस्चार्ज बुकाच्या पानांची नक्कल, त्या वेळी त्यांच्याबरोबर असलेल्या आणि आज कर्नाटकात राहणाऱ्या एका ड्रायव्हरचे शपथपत्र जोडले आहे. त्या बाईंचाही अर्ज आहे, पत्रांच्या फोटोंसकट. पेठेतले आणि पूर्व भागातले आणखी काही आहेत. जुन्या पत्त्यावर जुन्याच पद्धतीने ते पाठवायचे, की आपण यासाठी एखादा अधिकारी नेमणार आहात, एवढे कळवावे. पोस्टाने उत्तर आले तरी चालेल. पोचपावतीवर सही मी करीन, आणि उत्तर त्या त्या घरी जाऊन मराठीत वाचून दाखवीन.

कळावे,

आपली,
पोस्टातील एक निवृत्त कर्मचारी
शुक्रवार पेठ, सोलापूर